काही दुखत नसताना स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरकडे: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कुठलीही दुखापत घेऊन गेले नव्हते. त्यामुळे 'गुडघा बरा झाला का' या प्रश्नाचं उत्तर इथे मिळणार नाही. दुखापत होऊ नये म्हणून आधीच पैसे खर्च करावेत का, एवढ्यापुरतंच हे लिखाण आहे.

वय ४६, बँकेत नोकरी, म्हणजे दिवसभर खुर्ची. आठवड्यातून तीनदा पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पळणं आणि रविवारी आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड. यंदा साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळायची असं दिवाळीतच ठरवलं होतं. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि तोच घाट उतरून परत, साधारण २१ किलोमीटर. आमच्या ग्रुपमधल्या तिघीचौघी असल्याच शर्यतीच्या तयारीत कुणी गुडघा, कुणी टाच धरून घरी बसल्या होत्या. म्हटलं आपण आधीच दाखवून घेऊ. सासूबाईंचं मत लगेच आलं, "अगं, दुखत काहीच नाही तर डॉक्टरकडे कशाला? पैसे वर आलेत का?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. फी आणि तपासण्या बघता वर आले असते तर बरं झालं असतं.

कोणाकडे जायचं इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पुण्यात 'स्पोर्ट्स इंज्युरी' अशी पाटी लावलेले बरेचसे डॉक्टर मुळात अस्थिरोगतज्ज्ञ असतात आणि लिगामेंटची शस्त्रक्रिया हा त्यांचा हातखंडा. लिगामेंट तुटलं असेल तर तिथेच जा. मला हवा होता तो स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एम.डी. किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, हा एम.डी. शिकवतात, पतियाळाच्या एन.आय.एस. या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत डिप्लोमा होतो, पण एकूण अशी माणसं कमीच. पदवी विचारून घ्यायला लाजू नका. फिजिओ वेगळा, तोही लागतोच, पण रक्ततपासणी, हृदय, हाडं, औषधं हे सगळं एकत्र बघणारा माणूस हा डॉक्टर.

पहिली भेट तासाभराची. त्यातला निम्मा वेळ नुसते प्रश्न. झोप किती, पाळी नियमित आहे का, घरात कुणाला हृदयविकार, कुठल्या गोळ्या चालू, शाकाहारी का, पूर्वी काय काय दुखलं होतं. वडिलांना पन्नाशीत अटॅक आला होता म्हटल्यावर लगेच ईसीजी. दोन वर्षांपूर्वी गडावरून उतरताना घसाऱ्यावर डावा घोटा मुरगळला होता, ते मी जवळजवळ विसरले होते. डॉक्टरांनी मात्र तिथेच पेन थांबवलं. घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुणाची, तर ज्याचा आधी मुरगळलाय त्याची. सूज उतरते, दुखणं जातं, पण पाय वाकडा पडत असताना तो सावरून घ्यायची क्षमता आपोआप पूर्ण परत येत नाही. डोळे मिटून एका पायावर उभं केलं तेव्हा उजव्यावर निवांत उभी होते, डाव्यावर लगेच टेबलाचा आधार घ्यावा लागला.

मग इतर चाचण्या. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मोजायचं. एका पायावर टाच वर-खाली, थकेपर्यंत. पंचवीसच्या आसपास यायला हव्यात म्हणाले. उजवा तिथवर पोचला, डाव्यानं सोळा-सतरातच हार मानली. एवढी वर्षं मी त्या पायानं गड उतरत होते आणि मला काही कळलं नव्हतं.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. प्रत्येक व्यायामानंतर दोन आकडे लिहायचे: किती मिनिटं केलं आणि दहापैकी किती दमायला झालं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. माझा एक नेहमीचा आठवडा असा निघाला. मंगळवार ४० मिनिटं, दमणूक ४, म्हणजे १६०. गुरुवार ४५ गुणिले ५, २२५. शनिवार हलकं, ३० गुणिले ३, ९०. आणि रविवारी गड, चढून उतरून १२० मिनिटं, दमणूक ७, म्हणजे ८४०. एकूण १३१५. डॉक्टरांनी रविवारच्या आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही आठवड्यातून चार दिवस व्यायाम करत नाही. एक दिवस करता आणि तीन दिवस त्याची वाट बघता."

जवळजवळ दोन तृतीयांश भार एकाच सकाळी. बरं, तोही बराचसा उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असताना ब्रेक लावत असतो. स्नायूच्या तंतूंना सगळ्यात जास्त इजा करणारं काम हेच. म्हणूनच गड चढल्यानं नाही, उतरल्यानं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. यातली चांगली बाजू अशी की एकदा असा ताण बसला की स्नायू पुढचे काही आठवडे तसल्याच ताणाला बऱ्यापैकी पुरून उरतो. थोडं थोडं, पण नेमानं उतरत राहिलं तर फायदा. दोन महिने काही न करता एकदम राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्यांचे गुडघे का बोलतात, हे तिथे बसून नीट समजलं.

याच्याशी जुळणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झालाय. पाच हजारांहून जास्त धावणाऱ्यांच्या घड्याळांतल्या नोंदी तपासल्या, तर दुखापतीशी संबंध दिसला तो एकाच वेळी मारलेल्या मोठ्या मजलेचा. मागच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पळालात की धोका वाढतो. आठवड्याची बेरीज तेवढी बोलत नाही. आमच्या ग्रुपमधले काका आठवड्याला दहा टक्के वाढवायचा नियम सगळ्यांना पाठ करून घेतात. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी चक्क विषय बदलला.

मग रविवारचा गड कमी न करता बाकीचे दिवस भरले. बुधवारी सोसायटीचा जिना, सहा मजले, लिफ्टनं वर जायचं आणि सावकाश पायांनी उतरायचं. वॉचमनला वाटलं लिफ्ट फक्त वरच जातेय. पायरीच्या कडेवर पंजे ठेवून टाचा वर-खाली, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. वाकवून करायचं कारण असं की पोटरीचा आतला रुंद स्नायू तेव्हा जास्त कामाला लागतो आणि पळताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार तोच पेलतो. महिन्याभरानं सॅकमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी, मग दहा. तोल सावरायचा व्यायाम कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर उभं राहून. जिमची फी वाचली, पण कंटाळा येतो हेही खरं. पहिले दोन महिने काहीच फरक जाणवत नाही आणि इथेच निम्मे लोक सोडून देत असणार.

वजन घेऊन व्यायाम करावा आणि ताणून धरण्यावर फार भिस्त ठेवू नये, यामागे आधार आहे. २०१४ मध्ये २५ चाचण्या आणि २६ हजारांहून जास्त लोकांची आकडेवारी एकत्र मांडली गेली, तेव्हा ताकदीच्या व्यायामानं दुखापती एक तृतीयांशाहूनही कमी उरलेल्या दिसल्या. नुसत्या स्ट्रेचिंगचा फायदा दिसला नाही. पळण्याआधी झाडाला धरून पाच मिनिटं पाय ताणायची आमची जी पद्धत आहे, ती मी सोडून दिली.

बायकांसाठी मुद्दाम वेगळं लिहिते. हिमोग्लोबिन १२.४ आलं, म्हणजे घरच्या डॉक्टरांच्या भाषेत 'उत्तम'. स्पोर्ट्सच्या डॉक्टरांनी फेरिटिनही तपासायला सांगितलं, ते निघालं १४. शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला. हिमोग्लोबिनमध्ये अजून दिसत नव्हतं, पण टेकडीवर शेवटच्या चढाला जी धाप लागायची तिचं थोडं तरी कारण हे असावं. गोळ्या दिल्या आणि जेवणावरचा चहा बंद, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. जेवल्यानंतर निदान तासभर थांबायचं. ऑफिसात पोळीभाजी संपते न संपते तोच चहावाला येतो, त्यामुळे दहा महिन्यांतलं सगळ्यात अवघड पथ्य हेच ठरलं. चार महिन्यांनी फेरिटिन ३८. पाळीची चौकशीही औपचारिक नव्हती. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की आधी पाळी बिघडते, मग हाडं ठिसूळ व्हायला लागतात. वजन उतरतंय म्हणून खूश असलेल्या मुलींना हे कुणी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्येच यावर निवेदन काढलं होतं, पण ते आमच्या टेकडीपर्यंत पोचलेलं नाही.

मे महिन्यात एकदा खरी परीक्षा झाली. नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. ग्रुपमध्ये लगेच बर्फ, क्रेप बँडेज, एमआरआय असे सल्ले. डॉक्टर आधी बोटानं दाबत दाबत गेले. दुखणं चार-पाच बोटांच्या लांबीवर पसरलेलं होतं. एका पायावर उड्या मारायला लावल्या, तेव्हा कळ आली नाही. रात्री ठणकत नव्हतं. दुखणं एकाच बिंदूवर असतं, उडी मारल्यावर कळ आली असती, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका धरून पळणं तिथल्या तिथे बंद केलं असतं, म्हणाले. आणि अशा वेळी एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, कारण पहिले दोन-तीन आठवडे त्यात बऱ्याचदा काहीच दिसत नाही. मला एमआरआय लावला नाही. दोन आठवडे पळणं निम्म्यावर आणलं, टाचांचा व्यायाम चालू ठेवला. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावरची पहिली पावलं आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखता कामा नयेत, एवढाच नियम. जूनमध्ये परत पूर्ववत. पैसे वसूल झाले असं वाटलं ते या भेटीत.

ट्रेडमिलवर पळतानाचा व्हिडिओ काढतात त्याचं मला फार कौतुक वाटलं नाही. त्यातून हाताला लागलं ते एकच: मिनिटाला १५८ पावलं पडत होती, ती १६६ करायला सांगितली. पावलं लहान आणि भराभर पडली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, उतारावर तर फारच. फोनवर टिकटिक लावून महिन्याभरात सवय झाली. बुटांच्या बाबतीत डॉक्टर दुकानदारांपेक्षा निवांत. पायाची कमान बघून बूट ठरवायचा प्रयोग अमेरिकन सैन्यात भरती झालेल्यांवर मोठ्या प्रमाणावर झाला, दुखापती कमी झाल्या नाहीत. जो पायाला सुखाचा वाटतो तो घ्या म्हणाले. शर्यतीआधी पेनकिलर घ्यायची आमच्याकडे सर्रास पद्धत आहे, तिला मात्र स्वच्छ नकार. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती गोळी थेट किडनीवर येते, आणि जे दुखणं थांबायला सांगतंय तेच दडपलं जातं.

आता तक्रारी. पहिल्या भेटीचे १५०० रुपये, पुढच्या प्रत्येक भेटीचे ८००, रक्त आणि ईसीजी वेगळं. माझ्या मेडिक्लेममध्ये यातलं काहीच बसलं नाही. डॉक्टर जेवढे मोजके, तेवढं त्यांच्या क्लिनिकचं काउंटर उत्साही. दहा फिजिओ सेशनचं पॅकेज आगाऊ घ्या, प्रोटीन पावडर इथूनच घ्या. मी सेशन एकेक करून घेतली आणि तीनचारांत व्यायाम शिकून झाले. वेळ घेऊनही तासभर ताटकळणं नेहमीचं.

साताऱ्याला वेळ काही फार भारी आली नाही, ग्रुपमध्ये मधेच कुठेतरी. पण घाट उतरताना मांड्या लटपटल्या नाहीत आणि सोमवारी बँकेचा जिना कठडा न धरता उतरले. डॉक्टरकडे गेलेच नसते तर काय झालं असतं ते सिद्ध करता येणार नाही, आणि सासूबाईंनी ते बरोबर पकडलंय. डावी टाच आता बावीसपर्यंत जाते.

नुकतंच पळायला लागला असाल आणि जुनी दुखापत नसेल, तर आधी सहा महिने टाचा, उठाबशा आणि वही करून बघा, फी वाचेल. एकदा काहीतरी मुरगळलंय किंवा तुटलंय, घरात हृदयविकार आहे, पाळी बिघडलीय, किंवा दहा किलोमीटरवरून थेट घाटाच्या शर्यतीवर जायचंय, तर एक भेट तरी घ्याच. जाताना मागच्या महिन्याभराच्या व्यायामाच्या नोंदी, जुने रिपोर्ट आणि झिजलेले बूट बरोबर न्या, तळवा कुठल्या बाजूनं घासलाय ते बघतात. आणि सैल ट्रॅकपँट किंवा शॉर्ट्स घालून जा. माझ्या पुढच्या बाई चुडीदारात आल्या होत्या, त्यांना निम्म्या चाचण्यांसाठी पुन्हा यावं लागलं.