सायकलवरून व्हॅन गॉगकडे: क्रॉलर-म्युलर म्युझियम, ओटरलो

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना माझं आग्रहाचं सांगणं आहे: भारतातून आईबाबा आले की ॲमस्टरडॅमच्या गर्दीत फिरवून त्यांना दमवू नका, ओटरलोला न्या. आणि अख्खा दिवस काढून न्या. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो.

हे म्युझियम होगे वेलुवे राष्ट्रीय उद्यानाच्या आत, झाडीत आहे. तिकिटं दोन लागतात. म्युझियमकार्ड (इथल्या बऱ्याच म्युझियममध्ये चालणारा वर्षाचा पास) चित्रांसाठी चालतं, पण उद्यानाचं तिकीट वेगळं काढावंच लागतं. गेटवर पांढऱ्या सायकली मात्र फुकट! हँडब्रेक नाही, पेडल उलटं दाबलं की सायकल थांबते. बाबांना लगेच जमलं. गाडी थेट म्युझियमजवळच्या पार्किंगपर्यंत जाते, पण ज्यांना शक्य आहे त्यांनी सायकलच घ्यावी. वाटेत पाइनची झाडी लागते, मग एकदम मोकळं माळरान, ऑगस्टमध्ये हेदर नावाच्या झुडपांच्या जांभळ्या फुलांनी भरलेलं. एवढा रंग डोळ्यांत घेऊन आत शिरलं की चित्रं वेगळीच दिसतात.

हेलेन क्रॉलर-म्युलर या बाईंनी व्हॅन गॉगची जवळपास 90 चित्रं आणि 180 हून अधिक रेखाटनं जमवली, तीही त्याचं नाव आजच्याइतकं मोठं नसताना. 1938 साली म्युझियम उघडलं. सगळं एका वेळी मांडलेलं नसतं, पण जे असतं ते निवांत, अगदी जवळ उभं राहून बघता येतं. कॅफेच्या गच्च पिवळ्या भिंतीचं 1888 मधलं चित्र आम्हाला भेटलं. रात्र आहे, पण काळा रंग वापरलेला नाही; आकाश गडद निळं, आणि कॅफेचा उजेड फरसबंदीवर सांडून दगड गुलाबी-जांभळे झालेले. आई त्याच्यासमोरून हलेचना. "रंग किती जाड लावलाय गं," एवढंच म्हणाली.

मागच्या शिल्पबागेसाठी निदान दोन तास ठेवा. तळ्यावर मार्ता पान या शिल्पकार बाईंचं पांढरं शिल्प वाऱ्यासरशी हळूहळू फिरतं. द्युब्युफे या कलाकाराच्या पांढऱ्याशुभ्र, काळ्या रेघांच्या 'बागे'त (हेही एक मोठं शिल्पच) तर जिना चढून वर जाता येतं. जमीन उंचसखल आहे, चालताना जपून. गुडघेदुखीवाल्यांनी तिथं घाई करू नये.

सोमवारी म्युझियम बंद असतं. शाकाहारी असाल तर डबा घेऊन जा, झाडाखाली बसून खायला जागा भरपूर आहे. आम्ही पोळी-भाजी नेली होती.