जुन्या पिकअपचा रेडिएटर: झाळून घ्यावा की नवा टाकावा?

मित्राच्या जुन्या पिकअपचा पितळी रेडिएटर, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी थंड करणारा भाग, पाझरतोय. तोच झाळून (सोल्डर करून) घेऊ की अ‍ॅल्युमिनियमचा नवा टाकू, असं तो विचारत होता.

खर्चात झाळकाम स्वस्त, पण गळती एखाद्याच सांध्यातून असेल तर. रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या कडेला हिरवट-पांढरा थर दिसला की बहुतेक तोच सांधा गेलेला असतो. ते काम सहज होतं. नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या मात्र बोट लावताच भुगा होऊन पडत असतील, तर झाळण्यात अर्थ नाही. उष्णता बाहेर टाकायला त्या पट्ट्याच लागतात. त्या गेल्या की गळती थांबूनही गाडी चढावर तापतेच.

पितळी रेडिएटरमधलं तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं. तरी नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरच्या नळ्या रुंद असतात, त्यामुळे तो थंडाव्यात मागे पडत नाही, शिवाय वजनाला हलका. त्याची दुखरी जागा म्हणजे प्लास्टिकच्या टाक्या. त्या तडकल्या की झाळता येत नाहीत. पितळी रेडिएटर पुन्हा उघडून, नळ्यांत सळई घालून साफ करता येतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

काढण्या-बसवण्याची मेहनत सारखीच. कूलंट (पाण्यात मिसळायचं, गंज रोखणारं द्रव) दोन्हीत हवंच, नुसतं नळाचं पाणी नको.

गाडी कमी चालते, पट्ट्या शाबूत आहेत आणि चांगला झाळणारा कारागीर मिळतोय, तर झाळून घ्या. रोज ओझं घेऊन लांब जायचं असेल तर नवाच टाका. होजपाइप आणि थर्मोस्टॅटही (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) त्याच वेळी बदला.