३०० ओहमचा हेडफोन आणि खिशातला अ‍ॅम्प: क्युडेलिक्स ५के, आठेक महिन्यांच्या वापरानंतर

सेनहायझरचा एचडी ६५० माझ्याकडे बरीच वर्षं आहे. २००३ साली बाजारात आलेला, ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध), मागून उघडा हेडफोन. टेबलावरच्या अ‍ॅम्पला, म्हणजे हेडफोनला शक्ती पुरवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, जोडला की गाणाऱ्याचा गळा हा जसा दाखवतो, तसा माझ्या ऐकण्यातल्या दुसऱ्या कुठल्याच हेडफोनने दाखवलेला नाही. अडचण एकच होती, टेबल सोडून उठता येत नव्हतं. थेट फोनला लावून आवाज शेवटपर्यंत वाढवला तरी विलंबित ख्याल शेजारच्या खोलीतून यावा तसा यायचा.

लोकलमध्ये किंवा एसटीत हा हेडफोन घालायचाच नसतो. बाहेरचा गोंगाट सगळा आत येतो आणि आपलं गाणं शेजारी बसलेल्याला ऐकू जातं. मला खिशातला अ‍ॅम्प हवा होता तो घरातल्या घरात फिरण्यासाठी, भाजी निवडताना, गच्चीत, माहेरी गेल्यावर. गेल्या पावसाळ्यात क्युडेलिक्स ५के हा ब्लूटूथचा छोटा अ‍ॅम्प घेतला, तो तेव्हापासून रोज वापरात आहे.

निवडताना मी काय पाहिलं ते आधी लिहिते, कारण तुमच्याकडे दुसरा हेडफोन असेल तर माझ्या पसंतीपेक्षा हा हिशेब जास्त कामाचा आहे. जाहिरातीत ठळक आकडा असतो तो ३२ ओहमवर किती मिलिवॅट मिळतात याचा. जास्त ओहमचा हेडफोन असेल तर तो आकडा बाजूला ठेवा आणि अ‍ॅम्प किती व्होल्ट देतो ते विचारा. एचडी ६५०ला १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबल आवाज होतो, हे कंपनीनेच दिलेलं आहे. व्होल्ट दुप्पट झाले की ६ डेसिबल वाढतात. म्हणजे २ व्होल्टला १०९ आणि ४ व्होल्टला ११५. या ४ व्होल्टला ३०० ओहमवर शक्ती लागते जेमतेम ५३ मिलिवॅट. त्यामुळे ३२ ओहमवर ४०० मिलिवॅट देणारा अ‍ॅम्प वाचायला दांडगा वाटला, तरी त्या ४०० मिलिवॅटमागे व्होल्ट साडेतीनच्या आसपासच असतात, आणि आपल्या हेडफोनच्या वाट्याला येतात ते तेवढेच.

यावर कोणीही विचारेल, ११५ डेसिबल हवेत कशाला? तेवढ्या आवाजात ऐकायचं नाहीच. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते आणि ती पाळावीच. पण मी जे ऐकते त्यातलं बरंचसं जुन्या खासगी मैफलींच्या टेपवरून उतरवलेलं आहे. अशा फाइलमध्ये एखादी तबल्याची थाप किंवा टाळ्यांचा कडकडाट आवाजाच्या कमाल पातळीला भिडलेला असतो आणि गाणं त्याच्या २५-३० डेसिबल खाली असतं. यूट्यूब मोठ्या आवाजाची गाणी खाली आणतं, पण हळू असलेलं वर उचलत नाही. आता १ व्होल्ट देणारं साधं डोंगल, म्हणजे फोनच्या यूएसबीत लावायचं छोटं उपकरण, घ्या. १०३ मधून ३० गेले, ७३ उरले. पंखा चालू असलेल्या खोलीत, उघड्या हेडफोनमध्ये, आलाप मंद्र सप्तकात उतरला की त्या ७३ मधलेही आणखी कमी होतात. गायक तिथे काय करतोय हे कळायला हवं, आणि मुळात गाणं ऐकायचं ते त्यासाठीच. आधुनिक, कसून दाबलेलं (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी केलेलं) चित्रपटसंगीत ऐकणाऱ्याला हाच हेडफोन डोंगलवरही पुरेल. कोणता अ‍ॅम्प लागेल हे ठरवण्यात हेडफोनइतकाच वाटा तुम्ही काय ऐकता याचाही असतो.

व्होल्टचा दुसरा खर्च इक्वलायझरचा, म्हणजे खालचे किंवा वरचे स्वर हवे तसे कमीजास्त करण्याचा. एचडी ६५०चा आवाज खाली, साधारण १०० हर्ट्झच्या आत, हळूहळू ओसरतो. पुरुष गायकाची काळी एक घेतली तर षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ ला. त्या तारेतली जवारी छान ऐकू येते, कारण ती वरच्या स्वरांशांत असते. तारेचं मूळ वजन मात्र थोडं कमी पडतं. डग्ग्याच्या घुमाऱ्याचंही तसंच. क्युडेलिक्सच्या अ‍ॅपमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझर आहे, म्हणजे कुठल्या हर्ट्झला, किती रुंदीत, किती डेसिबल हे आपण ठरवायचं. आणि ते उपकरणातच साठतं, त्यामुळे फोन बदलला तरी आवाज तोच राहतो. मी खाली ५-६ डेसिबल चढवले आहेत. पण खाली ६ चढवायचे तर एकूण पातळी ६ ने उतरवावी लागते, नाहीतर मोठ्या थापेला आवाज फाटतो. ६ डेसिबल उतरवले म्हणजे अर्धे व्होल्ट गेले. वरच्या ७३ चे झाले ६७. ५केचे बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळ्या उणे तारा असलेल्या) जोडणीतले ४ व्होल्ट इथे कामी येतात. इक्वलायझरचा कर भरूनही तेच गाणं ७९ वर येतं आणि खर्ज हवा तिथे बसतो. टेबलावरच्या अ‍ॅम्पला माझ्याकडे इक्वलायझर नाही, त्यामुळे तानपुऱ्यापुरतं बोलायचं तर आता मला हा छोटा अ‍ॅम्प जास्त आवडतो.

हे ४ व्होल्ट फक्त २.५ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकवर मिळतात. साध्या ३.५च्या जॅकवर २ मिळतात. अ‍ॅपमध्ये दोन्हींना निम्मी पातळीही निवडता येते, कानात घालायच्या इअरफोनला ती बरी. तेव्हा एचडी ६५०साठी बॅलन्स्ड वायर घेणं आलंच. मूळ वायर तशीही तीन मीटर लांब आहे, ती खिशाला उपयोगाची नाही. मी सव्वा मीटरची करून घेतली. पहिल्या वायरचा डावीकडचा पिन हेडफोनच्या कपात सैल बसायचा आणि मान वळवली की आवाज जायचा. विकणाऱ्याने बदलून दिली. वायर आली की पहिल्याच दिवशी दोन्ही पिन हलवून पाहा. आणि एक कळकळीची सूचना: बॅलन्स्ड जॅकमधून साध्या तीन-पट्टीच्या ३.५ मध्ये नेणारा जोड कधीही लावू नका. त्यात डाव्या-उजव्या बाजूच्या उणे तारा एकमेकींना भिडतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो.

ब्लूटूथबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एलडॅक ही जास्त माहिती पाठवणारी ब्लूटूथ पद्धत यात आहे. ९९० केबीपीएसला (सेकंदाला ९९० किलोबिट) फोन त्याच खोलीत हवा, भिंत आड आली की तुटायला लागतं, म्हणून मी ६६० वर ठेवलं आहे. जुन्या टेपमध्ये फरक कळत नाही. रात्री निवांत बसले की यूएसबीची वायर लावते.

बॅटरी ५०० मिलिअँपिअर तासांची आहे. ४ व्होल्टला आणि एलडॅकवर माझी एक संध्याकाळ आरामात निघते, दोन निघत नाहीत. काड्यापेटीएवढ्या, क्लिपने ओढणीला अडकणाऱ्या वस्तूत याहून मोठी बॅटरी मावणार नाही, आणि मला वजन नको होतं. दिवसभर ऐकणाऱ्यांनी आयफायचा हिप-डॅक बघावा. त्यात २२०० ची बॅटरी आणि ४.४ मिलिमीटरचा दणकट जॅक आहे. पण ब्लूटूथ नाही, त्यामुळे फोन आणि अ‍ॅम्प एकत्र बाळगावे लागतात. मूनड्रॉपचं डॉन प्रो हे डोंगलही ४.४ वर ४ व्होल्ट देतं. त्याला स्वतःची बॅटरी नाही, ते फोनची खातं.

बेयरडायनॅमिकचा डीटी ८८०, तोही ६०० ओहमचा, असलेल्यांनाही ५के पुरेल. त्याला ११० डेसिबलला ४ व्होल्टच्या आतबाहेर लागतात, म्हणजे टोकापर्यंत जाऊन पुरेल, पण इक्वलायझरला जागा उरणार नाही. प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याच्या, हेडफोनची गोष्ट वेगळी. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा आहे, म्हणून सोपा वाटतो. पण १ मिलिवॅटला तो ८३.५ डेसिबलच देतो. ११० गाठायला त्याला साडेचार व्होल्टच्या वर लागतात, आणि ५० ओहममधून तेवढे व्होल्ट ढकलायला शंभराच्या जवळपास मिलिअँपिअर. एवढा प्रवाह या चिमुकल्या बॅटरीवरच्या अ‍ॅम्पकडून मागू नये. तो हेडफोन असेल तर टेबलावरचाच अ‍ॅम्प घ्यावा. हायफायमॅनच्याच सुंदरासारखे ३७ ओहम आणि ९४ डेसिबलवाले प्लेनर मात्र चालतात. एका मैत्रिणीचा आणून माझ्याच ५केवर लावला होता. शास्त्रीय गाण्याला आवाज पुरला, पण इक्वलायझर लावल्यावर आवाज जवळजवळ टोकाला न्यावा लागला.

मला बदल हवा आहे तो २.५च्या प्लगमध्ये. तो बारीक असतो, आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला वायर अडकली की जीव वर येतो. आता ४.४ची वायर आणि तिला २.५मध्ये नेणारा आखूड जोड मागवणार आहे. तो बॅलन्स्डमधून बॅलन्स्डमध्येच जातो, त्यामुळे सुरक्षित आहे. झटका बसला तर वायरऐवजी आधी जोड जाण्याची शक्यता जास्त, आणि पुढे ४.४ जॅकचा अ‍ॅम्प घेतला तर वायर तीच चालेल.