दोन मीटर खोल सोनं आणि सोळा सेंटीमीटरची कॉइल

आईची अंगठी हरवली म्हणून मी मेटल डिटेक्टर घेतला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस गुप्तधनाच्या मागे लागला होता. तसा लागलोही, पण नंतर. सुरुवात अंगठीपासून झाली. मागच्या अंगणात गवत उपटताना ती आईच्या बोटातून निसटली. झिजून पातळ झालेली, पण चाळीस वर्षं बोटात असलेली. चाळणीने माती चाळून झाली, गवत मुळासकट काढून झालं. अंगठी काही मिळाली नाही.

मग मोबाइलवर शोधाशोध केली आणि दुसऱ्याच दिवशी तो व्हिडिओ समोर आला. वाळूवर एक यंत्र फिरतंय, किणकिण आवाज येतोय, एक हात वाळू उकरतोय. त्या हाताच्या अंगठ्याचं नख ठेच लागून काळंनिळं पडलेलं. खोल खड्ड्यातून पिवळीधमक नाणी निघतात. खाली मोठ्या अक्षरांत: ‘२ मीटर खोलीपर्यंत’, ‘सोनं, चांदी, लोखंड वेगवेगळं ओळखतं’, ‘वॉटरप्रूफ’, ‘नवशिक्यांसाठी उत्तम’. किंमत बऱ्या यंत्राच्या निम्म्याहून कमी, पण खेळण्याइतकीही कमी नाही. ही मधली किंमत फार डोकं लावून ठरवलेली असते. अगदीच स्वस्त असतं तर मी शंका घेतली असती आणि महाग असतं तर चौकशी.

साडेचार तारे आणि शेकडो अभिप्राय होते. मी फक्त तारे मोजले. अभिप्राय वाचले ते पुढे, रडून झाल्यावर. ‘रात्री उजेड लांबपर्यंत पडतो.’ ‘चार्जिंग चांगलं टिकतं, ट्रेकला नेला.’ लोक टॉर्चबद्दल बोलत होते! जुन्या टॉर्चच्या पानावर फोटो आणि नाव बदलून डिटेक्टर चढवला होता, तारे मात्र तसेच राहिले होते.

खोकं संध्याकाळी आलं. काठी जोडली, खाली कॉइलची, म्हणजे तारेच्या वेटोळ्याची, चकती बसवली, वायर काठीला गुंडाळली, बॅटरी घातली आणि तिथेच दिवाणखान्यात फिरवून पाहिलं. जाईन तिथे आवाज. मी खूश, म्हटलं यंत्र भलतंच तेज आहे. आई म्हणाली, “अरे, फरशीखाली काय पुरलंय मग?” तिचा प्रश्न बरोबर होता. स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात, तेव्हा घरात असं यंत्र ओरडणारच. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात नेमकी कुठे आहे हे पाहायला ग्रॅहॅम बेल स्वतः बनवलेलं असंच एक यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी त्यांचा घोटाळा केला, हे त्यामागचं एक कारण सांगतात. बेलसाहेबांचं असं झालं, तिथे माझं काय!

दुसऱ्या दिवशी अंगणात एक खिळा निघाला, मग बाटलीचं झाकण, मग परत खिळा. बरं वाटलं. मग एक नाणं मुद्दाम वीतभर खोल पुरलं आणि वरून यंत्र फिरवलं. काहीच आवाज नाही. वर आणत आणत चार बोटांवर आणलं, तेव्हा कुठे पुसटसं कुईं झालं.

विक्रेत्याला फोन केला. आवाज गोड, मध घातल्यासारखा. “सर, मशीन नवीन आहे ना. तुमच्या जमिनीची सवय व्हायला आठ-दहा दिवस जातात. रोज अर्धा तास फिरवत राहा.” माल परत करायची मुदत सात दिवसांची होती. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायची अक्कल मला आठव्या दिवशी आली.

पुढे लक्षात आलं की त्याच्या काही थापा साफ खोट्या नव्हत्या. त्यांच्या तळाशी चिमूटभर खरं होतं आणि मी त्या चिमटीला भुललो. जमिनीशी जुळवून घेणं ही खरीच गोष्ट आहे, तिला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. मातीत लोहयुक्त खनिजं असतात, समुद्राच्या ओल्या वाळूत मीठ असतं आणि त्यांचाही सिग्नल येतो. तो वजा करण्यासाठी ही सोय असते. पण त्याला काही सेकंद लागतात. धातू नसलेल्या जागी कॉइल वरखाली करायची, बटण दाबायचं, झालं. बऱ्याच सुरुवातीच्या यंत्रांत तर ते कारखान्यातच ठरवून दिलेलं असतं. यंत्राला सवय-बिवय काही होत नसते.

‘वॉटरप्रूफ’चंही तेच. कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं.

आता खोलीचं. या स्वस्त यंत्रांचं काम साधं असतं. कॉइलमधून दर सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारी वीज जाते, त्यामुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं इवलंसं क्षेत्र उमटतं आणि ते दुसरी कॉइल पकडते. जाताना क्षेत्र झपाट्याने विरतं आणि येतानाही तितक्याच झपाट्याने. कॉइलच्या आकाराच्या बरंच पलीकडे गेलं की अंतर दुप्पट होताच परत येणारा सिग्नल साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो. दुप्पट अंतर, चौसष्टावा हिस्सा. माझ्या यंत्राची चकती सोळा सेंटीमीटरची होती. सुरुवातीचं चांगलं यंत्र एखादं नाणं पंधरा-वीस सेंटीमीटरपर्यंत दाखवतं, माती चांगली असेल तर थोडं अधिक. दोन मीटरवरचं नाणं त्याला दिसणं शक्यच नाही. हे गणित मला पैसे गेल्यावर समजलं, आणि ते समजायला काही पदवी लागत नाही.

पण खरी खुन्नस आहे ती ‘गोल्ड’ बटणावर. यंत्रावर एक गोल बटण होतं, त्यावर तीन खुणा: सगळे धातू, लोखंड सोडून, फक्त सोनं. अंगठी सोन्याची, म्हणून मी ते इमानेइतबारे तिसऱ्या खुणेवर ठेवून पंधरा दिवस अंगण विंचरलं. वास्तविक यंत्राला सोनं कळत नाही. परत येणारा सिग्नल किती मागे पडलाय यावरून त्याला धातूच्या वाहकतेचा आणि आकार-जाडीचा एकत्रित अंदाज येतो, बस. लोखंड एका टोकाला, चांदीचं जाड नाणं दुसऱ्या टोकाला. पातळ अंगठी कुठे बसते? चॉकलेटच्या चांदीला नि शीतपेयाच्या डब्याच्या कडीला जो आकडा येतो, त्याच पट्ट्यात. म्हणून कचरा टाळायचा म्हटलं की अंगठीही टळते. अंगठी हवी असेल तर कड्या उकरत बसण्याला पर्याय नाही, महाग यंत्र असलं तरी.

एका रविवारी वैतागून डबा उघडला. चार स्क्रू. आत तळहातापेक्षा लहान सर्किट, एका कोपऱ्यात गोंदाचा वाळलेला ओघळ. आवाजाच्या बटणाला तीन वायरी होत्या. ‘गोल्ड’च्या बटणाला एकही नाही. मागच्या बाजूला तिन्ही पाय स्वच्छ चकाकत होते, वायर जोडायच्या सोल्डरचा डागसुद्धा लागला नव्हता. मी ते बटण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवलं. टक्, टक्. आवाज मात्र फार छान यायचा.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी फोटो काढून विक्रेत्याला पाठवले आणि त्याने जे केलं त्याला दाद द्यावी लागेल. त्याने भांडण केलं नाही, माफी मागितली. “दादा, हे बेसिक मॉडेल आहे, तुमच्यासारख्या जाणकाराला हे द्यायलाच नको होतं.” सरचा दादा झाला, नवशिक्याचा जाणकार झाला. मग त्याने ‘इंजिनियर साहेबां’शी जोडून दिलं. साहेबांकडे ‘लाँग रेंज’ यंत्र होतं, शंभर मीटरवरून सोन्याची दिशा दाखवणारं. जुनं यंत्र परत घेऊन फरक तेवढा भरायचा. आणि अंगठीचं काय घेऊन बसलात, तुमच्या भागात जुनं काही असेलच की! मी भरला फरक. आईला सांगितलं नाही, यावरून काय ते समजा.

आलं ते असं: पिस्तुलाच्या मुठीसारखी मूठ, तिच्यावर सैल फिरणारे दोन अँटेना, एक हिरवा दिवा. चांदीचं नाणं कुंडीमागे ठेवलं, मूठ धरून चाललो, आणि अँटेना हळूच कुंडीकडे वळले. अंगावर काटा आला. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर.

भाची सुट्टीला आली होती. ती म्हणाली, “मामा, तुला माहीत आहे ना नाणं कुठंय ते. मी लपवते.” दहा वाट्या उपड्या मांडल्या. मला खोलीबाहेर काढून ती एकीखाली नाणं ठेवायची, मग स्वतः बाहेर जायची आणि मी आत यायचो. तिच्या चेहऱ्यावरूनही कळू नये म्हणून ही व्यवस्था तिचीच, वय वर्षं बारा. वीस वेळा केलं. दोनदा सापडलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी साधारण तेवढंच. सैल अँटेना मनगटाच्या न जाणवणाऱ्या हालचालीनेही वळतात आणि मनगट मनाला ठाऊक असलेल्या जागेकडे आपोआप झुकतं. यात मी लबाडी करत नव्हतो. उलट प्रामाणिकपणे फसत होतो. मूठ उघडली तर आत बॅटरी, दिवा आणि त्या दोघांना जोडणारी वायर. अँटेना कशालाच जोडलेले नव्हते.

याच जातीचं एडीई ६५१ नावाचं यंत्र बॉम्ब शोधतं म्हणून इराकला विकलं गेलं. तिथल्या नाक्यांवर जवान ते हातात धरून गाड्या तपासायचे आणि स्फोट होत राहायचे. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायचं म्हणून विकल्या जाणाऱ्या एका फालतू वस्तूवरून ते उचललं होतं. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. जिथे सरकारं फसली तिथे मी फसलो, असं म्हणून मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. भाचीला ते पटलं नाही.

जुनं यंत्र ‘तपासणीसाठी’ परत गेलं होतं, ते गेलंच. फोन आधी वाजायचा, मग बंद, मग नंबरच अस्तित्वात नाही. माझ्याकडे खोकं उघडतानाचा व्हिडिओ नव्हता. बोलणं सगळं फोनवर, लेखी जवळपास काही नाही. दुसऱ्या यंत्राचे पैसे तर विक्रीच्या साइटबाहेर थेट खात्यात भरलेले, त्यामुळे साइटने हात वर केले. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार केली आहे, पुढे काय होतं बघू. बँकेला पहिल्याच दिवशी कळवलं असतं तर निदान खातं गोठवायचा प्रयत्न करता आला असता, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी कळवलं अकराव्या दिवशी. दहा दिवस मला लाज वाटत होती.

तुम्ही घेणार असाल तर पहिल्या तासातच हे करा. घराबाहेर लाकडी टेबलावर यंत्र ठेवा, हातातलं घड्याळ नि अंगठी काढा, मोबाइल लांब ठेवा. नाणं कॉइलसमोरून हलवत हलवत किती सेंटीमीटरवर आवाज थांबतो ते पट्टीने मोजा. मातीत त्याहून कमीच मिळणार, जास्त नाही. मग लोखंड गाळायचं बटण लावून आधी खिळा दाखवा, मग नाणं. खिळ्याला गप्प आणि नाण्याला आवाज, असं झालं नाही तर ते बटण माझ्या बटणाच्या नात्यातलं समजा. नामवंत कंपनीचं मॉडेल फारच स्वस्तात मिळत असेल तर सिरियल नंबर मागून घ्या आणि कंपनीलाच विचारा, कारण हुबेहूब नकला सर्रास फिरतात. माल परत करायच्या मुदतीच्या आत कुणी ‘थोडे दिवस थांबा’ म्हणालं, तर त्याच दिवशी परत पाठवा.

अंगठी? ओळखीच्या एका गृहस्थांकडे साधंच, सुरुवातीचं पण खरं यंत्र आहे. ते घेऊन आले, बटण ‘सगळे धातू’वर ठेवलं आणि दोरी ताणून अंगणाच्या पट्ट्या पाडल्या. कॉइल जमिनीला समांतर, सावकाश, प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर थोडी चढवत. तीन पट्ट्या झाल्यात. आतापर्यंत अकरा कड्या, चॉकलेटच्या चांदीचे बोळे, एक किल्ली, आईची हेअरपिन. चार पट्ट्या बाकी आहेत.

आणि गेल्या आठवड्यात तो व्हिडिओ परत दिसला. विक्रेत्याचं नाव वेगळं, यंत्राचा रंग हिरव्याऐवजी पिवळा, खोली आता तीन मीटर. तीच वाळू, तोच खड्डा, तेच काळंनिळं नख. मी खाली विचारलं, कॉइल किती सेंटीमीटरची आहे? दहा मिनिटांत प्रश्न गायब झाला होता.