वर चिप्प, खाली राठ: केसांना दोन हिशोबांनी वागवल्याचे नऊ महिने

सोमवारी सकाळी न्हायलं की मंगळवारी संध्याकाळपर्यंत माझी टाळू चिप्प व्हायची. भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस कपाळाला चिकटून बसायचे, आणि त्याच वेळी वेणीचं शेवटचं वीतभर टोक हातात घेतलं तर केरसुणीच्या काड्यांसारखं लागायचं. 'तेलकट केसांसाठी' लिहिलेला शाम्पू आणला की टोकांना आणखी फाटे फुटायचे. 'कोरड्या केसांसाठी'चा आणला की न्हाल्याच्या दिवशीच संध्याकाळी लोक विचारायचे, आज तेल लावलंयस का? या दोन बाटल्यांमध्ये मी दोन वर्षं हेलपाटे घातले. गेल्या जूनपासून मात्र एक पद्धत धरून ठेवली आहे. पावसाळा, दिवाळी, थंडी आणि आता मार्चचं ऊन, सगळं त्यात येऊन गेलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी माझे केस आणि माझी परिस्थिती सांगते, म्हणजे तुमच्याशी जुळतं का ते बघता येईल. केस सरळ, पातळ, कमरेपर्यंत. माहेर संगमेश्वरजवळचं. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्याजवळ वाघोलीला आले. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत येतं. स्कूटरवरून नोकरीला जाते, जाऊन-येऊन सव्वा तास हेल्मेट डोक्यावर. आणि लग्नाच्या महिनाभर आधी केसांचं स्मूदनिंग, म्हणजे रसायन लावून आणि इस्त्री फिरवून केस गुळगुळीत करणं, करून घेतलं होतं. ही शेवटची गोष्ट मी कितीतरी दिवस हिशोबातच धरली नव्हती.

हिशोब जूनमधल्या एका रविवारी लागला. टेप घेऊन केस मोजले, ६५ सेंटिमीटर भरले. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. सव्वाच्या किंचित खाली धरलं तरी माझ्या वेणीचं टोक साडेचार वर्षांचं निघालं. लग्नाला तेव्हा सव्वादोन वर्षं झाली होती, म्हणजे त्यानंतर वाढलेला केस फार तर ३२ सेंटिमीटर. उरलेले ३३ सेंटिमीटर, म्हणजे निम्मा शेपटा, स्मूदनिंगची रसायनं आणि तापलेली इस्त्री सोसलेला. मुळाशी गेल्या आठवड्यात उगवलेला केस आणि टोकाशी साडेचार वर्षं ऊन, पाणी, फणी, रबरबँड खाल्लेला केस, आणि मी दोघांना एकच बाटली लावत होते! त्या दिवसापासून मी 'माझे केस तेलकट की कोरडे' हा प्रश्न सोडून दिला.

तेल येतं टाळूतून. केसाच्या प्रत्येक मुळाशी तैलग्रंथी असतात, त्यांतून पाझरणारं तेल केसावरून खाली उतरतं. सरळ केसांवर ते भराभर पसरतं, म्हणून सरळ केस लवकर चिप्प दिसतात. पण ६५ सेंटिमीटर खाली ते पोचत नाही. टोकाला स्वतःचं असं काही तेल नाही, आणि केस तर निर्जीव, त्यामुळे त्याची झीज आतून भरून निघत नाही. केसावरचे बारीक खवले एकदा उडाले की उडाले.

आता पाणी. माहेरी विहिरीचं पाणी इतकं मऊ, की साबण हाताचा सुटता सुटायचा नाही. वाघोलीत साबणाला फेसच येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो. सोसायटीने पाणी तपासून घेतलं तेव्हा कठीणपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही योग्य मर्यादा आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं पाणी नियमात बसतं, पण त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं ते बसतंच. मी शॉवरला लावायचा एक फिल्टर १,८०० रुपयांना घेतला. कठीणपणा मोजायच्या कागदी पट्ट्या आणून फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी तपासलं, रंग तोच. नंतर कळलं, की असे छोटे फिल्टर गाळ आणि क्लोरीन कमी करतात. पाणी मऊ करायला आतल्या रेझिनच्या बारीक मण्यांना क्षार धरून ठेवावे लागतात आणि ते रेझिन मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. ते शॉवरच्या तोंडाशी मावणारं काम नाही. हे पैसे वाया गेले, तुम्ही घालवू नका.

शिकेकाईबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे प्रत्येक सल्ला तिथूनच सुरू होतो. मागच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये सहा आठवडे मी फक्त शिकेकाई वापरली. पहिले दोन आठवडे पूड पाण्यात कालवून लावली, तिचे कण केसांत अडकून राहिले आणि गुंता असा झाला की फणी फिरेना. मग आईने सांगितल्याप्रमाणे शेंगा, मूठभर आवळकाठी आणि थोडा नागरमोथा रात्री भिजत घालून सकाळी उकळलं आणि पंच्यातून गाळून घेतलं. हा काढा खरोखर चांगला. टाळू स्वच्छ, खाज नाही, आणि केसांना तो वास, ज्याने मला आजोळची न्हाणीघरातली चूल आठवते. शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असतो, साबणासारखा तो खवले फुगवत नाही. पण हेल्मेटखालचा घाम आणि रस्त्यावरची धूळ असलेलं डोकं त्याने एका हातात निघत नव्हतं, आणि स्मूदनिंग झालेली टोकं कंडिशनरवाचून सुटत नव्हती. रिठा घातला तर डोकं लख्ख निघालं आणि टोकं आणखी राठ झाली. एक मात्र मनापासून सांगते: शिकेकाईचा साबण म्हणजे शिकेकाई नव्हे. तो शेवटी साबणच, अल्कधर्मी, आणि कठीण पाण्यात त्याचा चिकट साका केसांवरच बसतो. माझ्या नणंदेने सहा महिने वडी वापरली आणि केस मेणचट होतात म्हणून शिकेकाईलाच दोष दिला.

तर आता जे करते ते. न्हायच्या अर्धा तास आधी चमचाभर खोबरेल फक्त खालच्या निम्म्या केसांना, ओंजळीत केस घेऊन चोळते आणि सैल वेणी घालते. टाळूला एक थेंब नाही. यावर आईचं आणि माझं फोनवर बरंच झालं. "अगं, डोक्यावर तेल घालायचं सोडून शेपट्याला कसलं घालतेस? डोकं थंड राहायला नको का?" मी तिला म्हटलं, "आई, डोक्याचं तेल डोकंच काढतंय. उपाशी आहे तो शेपटा." खोबरेलच का, तर त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ रेणूचं, ते केसाच्या आत शिरतं. मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली, त्यात केसांतली प्रथिनं धुऊन जाणं कमी करण्यात खोबरेलच सरस ठरलं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. मॅरिको स्वतः खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनच मी ते वाचलं, पण माझ्या न्हाणीघराच्या जाळीवर तुटक्या केसांचे बारीक तुकडे पडायचे, ते ऑगस्टपर्यंत निम्म्यावर आले हे मी स्वतः पाहिलंय.

मग शाम्पू. एका मगात थोडं पाणी घेऊन त्यात दोन चमचे शाम्पू कालवते आणि बोटांच्या पेरांनी फक्त टाळूला लावते. मानेमागे, कानांमागे, कपाळाच्या कडेला जास्त वेळ देते. लांब केसांना वेगळा शाम्पू लावत नाही. धुताना उतरणारा फेस त्यांना पुरतो, खोबरेलही तेवढ्यात निघतं. पूर्वी मी सगळे केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे चोळायचे. नुसतं ते थांबवल्यावर गुंत्यात जो फरक पडला तो कुठल्याही बाटलीने पडला नव्हता.

शाम्पूचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नऊ महिन्यांत दोनदा कंपनी बदलली, घटक तेच ठेवले, आणि फरक जाणवला नाही. मागचं लेबल वाचा: सोडियम लॉरेथ सल्फेट (मळ काढणारा मुख्य घटक) आणि जोडीला कोकामिडोप्रोपिल बिटेन (त्याहून सौम्य फेसाचा घटक) असलेला साधा, पारदर्शक दिसणारा शाम्पू माझ्या टाळूला मानवला. सल्फेट नसलेला दोन महिने वापरून पाहिला, तो हेल्मेटच्या घामापुढे कमी पडला. महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला शाम्पू घेते, तो क्षार धरून बाहेर काढतो. त्या दिवशी केस हाताला हलके लागतात.

कंडिशनर कानाच्या खालून, टोकांकडून वर. लेबलवर बेहेनट्रायमोनियम क्लोराइड पहिल्या चार-पाच नावांत असावं. झिजलेल्या केसावर ऋण भार जास्त असतो आणि या घटकावर धन भार, त्यामुळे जिथे केस जास्त झिजलाय तिथे तो जास्त चिकटतो. तीन मिनिटं ठेवते, त्यातच जाड दातांच्या कंगव्याने टोकांपासून गुंता सोडवते. शेवटचं पाणी दीड लिटर, पिण्याच्या फिल्टरचं. त्याने फार मोठा चमत्कार होत नाही, पण केस वाळल्यावर जो खरखरीतपणा असायचा तो कमी झाला. केस पुसायला जुना मऊ पंचा, खसाखसा न घासता दाबून.

किती दिवसांनी न्हायचं, यावर माझा एक महिना फुकट गेला. कुणीतरी सांगितलं, की वारंवार धुतल्यामुळे टाळू जास्त तेल सोडते, न्हाणं लांबवलं की तिला सवय लागते. मी सहा-सहा दिवस थांबले. तेल तेवढंच येत राहिलं, वर खाज आणि कोंडा. त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी सांगितलं, की तैलग्रंथींवर मुख्यतः संप्रेरकांचा (हॉर्मोन्सचा) ताबा असतो, तुम्ही काल न्हालात की परवा हे त्यांना कळत नाही. आणि कोंड्यामागची जी बुरशी असते, ती टाळूच्या तेलावरच जगते. आता एक दिवसाआड न्हाते, पावसाळ्यात हेल्मेट आतून दमट असलं तर लागोपाठही. वर स्वच्छ आणि खाली जपलेलं असलं की वारंवार न्हाण्याची भीती उरत नाही. ज्यांचं तेल अचानक वाढलंय, सोबत पाळी अनियमित आहे किंवा हनुवटीवर केस आलेत, त्यांनी मात्र शाम्पू शोधत न बसता डॉक्टरांना दाखवावं.

लहान पण उपयोगी पडलेल्या दोन गोष्टी: हेल्मेटखाली सुती टोपी, रोज धुतलेली, आणि दर रविवारी कंगवे गरम पाण्यात शाम्पू घालून धुणं. मळक्या कंगव्याने कालचंच तेल परत डोक्यावर जातं.

दिवाळीत मी हा नियम मोडला, आणि पुढेही मोडणार. नरकचतुर्दशीला पहाटे आईने पाटावर बसवून कोमट तेल थेट टाळूवर ओतलं, अगदी कानांच्या पाळ्यांपर्यंत चोळलं. ते तेल निघायला दोनदा शाम्पू लागला आणि तरी दोन दिवस डोकं जड होतं. वर्षातून एकदा आईचे हात डोक्यावर असतात, तिथे लेबलं वाचायची नसतात.

जमलं नाही ते असं. कपाळाजवळचे बारीक केस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अजूनही चिकटतात. मुलतानी मातीने ते सुकले, पण कपाळ ताणलं, म्हणून बंद केली. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या कोरड्या हवेत टोकं पुन्हा उडायला लागली, तेव्हा डायमेथिकोन या सिलिकोनच्या सीरमचे दोन थेंब ओल्या टोकांना लावले आणि फेब्रुवारीत थांबवले. फाटे फुटलेला केस मात्र कशानेही जुळला नाही. तेल, कंडिशनर, सीरम यांनी तो झाकला जातो, पुढचं फाटणं लांबतं, एवढंच. खर्च सगळा धरून महिन्याला सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येतो, आणि सकाळी वीस मिनिटं जास्त लागतात, ती सगळ्यांना परवडतील असं नाही.

जुलैत ५, नोव्हेंबरात ५ आणि गेल्या आठवड्यात ४ सेंटिमीटर कापले. पार्लरमधल्या ताई कात्री लावण्याआधी टोकं उजेडात धरून म्हणाल्या, "मागच्या वेळेपेक्षा सरळ कापता येतायत, फाटे वर चढले नाहीत यंदा." घरी येऊन मोजलं: एकूण ६२ सेंटिमीटर, त्यात स्मूदनिंगचे उरलेत १९. याच गतीने गेलं तर ते संपायला आणखी वर्ष-दीड वर्ष लागेल. मग खाली फक्त वाघोलीच्या पाण्यात वाढलेला केस असेल, आणि त्याला किती खोबरेल लागतं ते तेव्हा इथेच येऊन लिहीन.