फ्लटर: दोन वर्षं वापरल्यावर

दोन वर्षं झाली फ्लटरवर काम करतेय, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीचं ॲप बनवायचं गूगलचं साधन. गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप आहे आमचं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालतं, आणि टीम म्हणाल तर आम्ही दोघंच, त्यामुळे एकदा अँड्रॉइडसाठी कोटलिन भाषेत आणि तेच परत आयफोनसाठी स्विफ्टमध्ये लिहायचं हे आम्हाला झेपणारंच नव्हतं. ज्यांचं अजून घ्यावं की नको चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात आवडलेली गोष्ट हॉट रिलोड. कोडमध्ये काही बदललं, सेव्ह केलं की लगेच फोनवर दिसतं आणि तुम्ही ज्या स्क्रीनवर होता, फॉर्ममध्ये जे भरलं होतं ते तसंच राहतं. एका मार्जिनसाठी अख्खं ॲप परत तयार (बिल्ड) होईपर्यंत ताटकळत बसलेल्यांनाच कळेल हे काय सुख आहे ते. फ्लटरचा कोड ज्या डार्ट भाषेत लिहितात तिची भीती वाटत असेल तर बाळगू नका, जावा किंवा जावास्क्रिप्ट येत असेल तर आठवड्याभरात हात बसतो.

आता मुद्द्याचं. फ्लटर फोनची स्वतःची बटणं, स्विच, लिस्ट वापरतच नाही, स्क्रीनवरचं सगळं स्वतः रंगवतं. म्हणून स्वस्तातल्या अँड्रॉइडवर आणि महागड्या आयफोनवर स्क्रीन अगदी सारखी दिसते, डिझाइन एकदाच तपासायचं. आधी आयफोनवर ॲनिमेशन पहिल्यांदा चालताना अडखळायचं, कारण शेडर (कसं रंगवायचं ते ग्राफिक्स चिपला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) ऐनवेळी कंपाइल व्हायचे, पण २०२३ च्या फ्लटर ३.१० पासून तिथे इम्पेलर हे रंगवण्याचं नवं इंजिन आपोआप चालू असतं आणि ते शेडर आधीच तयार ठेवतं, त्यामुळे ती तक्रार बरीचशी मिटली. पण स्वतः रंगवायचं म्हटलं की त्याची दुसरी बाजूही येतेच. २०२५ मध्ये आयओएस २६ नं काचेसारखं नवं रूप आणलं, तर नेटिव्ह ॲप (त्या फोनच्याच भाषेत आणि साधनांनी लिहिलेलं) नव्या एक्सकोडनं, म्हणजे ॲपलच्या ॲप बनवायच्या साधनानं, बिल्ड केलं की बरंचसं आपोआप बदलतं, रिॲक्ट नेटिव्ह हे फ्लटरसारखंच दुसरं साधन फोनचीच बटणं वापरतं म्हणून तिथेही काही गोष्टी मिळून जातात, फ्लटरमध्ये मात्र ॲप जुन्या रूपातच राहतं. आमच्या ॲपला चाललं. ज्यांना अगदी ॲपलच्या ॲपसारखंच दिसायचंय त्यांनी मात्र आधी विचार करा.

आणि रंगवणं संपलं की खरं काम सुरू होतं, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. आमचं सगळं ॲपच नोटिफिकेशनवर उभं. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन दाखवायलाच परवानगी मागावी लागते, आणि १४ पासून अगदी ठरलेल्या मिनिटाला अलार्म वाजवायची परवानगी नव्यानं टाकलेल्या ॲपला आपोआप मिळत नाही, माणसाला सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. वर काही फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेलं ॲपच बंद करून टाकतात. आयफोनचं गणित वेगळंच, तिथे एका ॲपची जास्तीत जास्त ६४ लोकल (फोनवरच आधी लावून ठेवलेली) नोटिफिकेशन रांगेत राहतात, सगळ्यात जवळची ६४, बाकीची गळतात. आमच्याकडे गोळ्या दिवसागणिक बदलतात म्हणून प्रत्येक वेळेचं नोटिफिकेशन वेगळं लावतो. दिवसाला चार धरली तर सोळा दिवस बरोबर आठवण येते आणि सतराव्या दिवशी काहीच नाही, ना एरर ना काही. एका आजींच्या मुलीनं मेल केला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. आता ॲप उघडलं की रांग परत भरतो आणि शेवटचं नोटिफिकेशन ‘एकदा ॲप उघडा’ असं ठेवतो. कोड एकच आहे खरा, पण या एका फीचरसाठी आम्ही दोन्ही सिस्टिमचे नियम वेगवेगळे वाचले, तपासलंही वेगवेगळं, आणि हे कुठलाच फ्रेमवर्क तुमच्यासाठी करणार नाही.

मागे जायच्या बॅकचंही तसंच, अँड्रॉइडवर फॉर्म अर्धवट असताना ‘बाहेर पडायचं का?’ विचारायला पॉपस्कोप हा मागे जाणं अडवणारा फ्लटरचा घटक लावला की आयफोनवर कडेनं सरकवून मागे जाणं त्या स्क्रीनपुरतं बंद पडतं. छोटी गोष्ट, पण आयफोनवाल्यांना लगेच खटकते.

पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, घेताना शेवटचा अपडेट कधीचा आहे ते बघाच, आम्ही एक सोडून दिलेलं पॅकेज घेऊन बसलो होतो आणि फ्लटर अपग्रेड करताना तीन दिवस त्यातच गेले.

कोणी घ्यावं? लहान टीम, फॉर्म, लिस्ट, चार्ट, स्वतःचं डिझाइन असलेलं ॲप असेल तर डोळे झाकून घ्या, मी परत हेच घेईन. आधीपासून कोटलिनचं मोठं ॲप असेल तर कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म बघा, ते २०२३ पासून स्टेबल आहे आणि नुसतं लॉजिक सामायिक ठेवून आयफोनचा चेहरा स्विफ्टमध्ये ठेवता येतो. होम स्क्रीनवरचं विजेट आणि ॲपल वॉच यांच्यावरच ज्यांचा भर आहे त्यांनी सरळ नेटिव्ह लिहा, तो भाग फ्लटरमध्ये होत नाही, नेटिव्ह कोड लिहावाच लागतो.

आणि हो, कोड विंडोजवर लिहिला तरी आयफोनचं बिल्ड काढायला मॅक लागतोच, स्वतःचा नाहीतर क्लाउडवरचा, त्याची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा.