धुळीखालचं पाणी

बोनेटवरून मी बोट फिरवलं, धुळीखालून गडद निळा रंग दिसला आणि माझा निकाल तिथेच लागला. पुढची सगळी बोलाचाली, घासाघीस, चहा ही नुसती औपचारिकता होती. हे मला नंतर कळलं. त्या दलालाला मात्र तेव्हाच कळलं असणार, कारण तो दोन पावलं मागे सरून गप्प उभा राहिला.

फेब्रुवारी 2022 ची गोष्ट. वडाळ्यात एका जुन्या इमारतीच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली, फाटक्या कव्हरात ती उभी होती. बीएमडब्ल्यू झेड-फोर, 2007 ची, अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, दोन सीट, कापडी टप. कव्हरवर कबुतरांची घाण, वायपरखाली पिंपळाची सुकलेली पानं, नंबरप्लेटला कोळिष्टकं, टायरना भेगा.

मी अगदीच नवखा नव्हतो. आधी दोन सेकंडहँड गाड्या घेतल्या होत्या, नातेवाइकांना चार घेऊन दिल्या होत्या. पॉलिश मारलेली, इंजिन धुऊन काढलेलं, आत सेंट फवारलेला, अशी गाडी दिसली की माझ्या कपाळावर लगेच आठी येते. पण इथे सगळं उलटं होतं. जो माणूस विकायच्या गाडीवर साधं फडकंही मारत नाही, तो काय लपवणार? मला वाटलं, हा प्रामाणिक आहे, नाहीतर आळशी आहे. दोन्ही माझ्या फायद्याचंच.

दलाल आपलाच, मराठी बोलणारा, पन्नाशीचा. कहाणीही साधी होती. मालक साहेब कॅनडाला मुलाकडे गेले आणि लॉकडाउनमुळे तिकडेच अडकले. सोसायटीवाल्यांनी पार्किंगवरून कटकट लावली म्हणून गाडी इथे आणून ठेवली. "मार्च 2020 ला बंद केली, ती आजतागायत पडून आहे, दादा." अविश्वास दाखवायला जागाच नव्हती. त्या दोन वर्षांत मुंबईतल्या कुठल्या सोसायटीत अशा दोन-तीन गाड्या धूळ खात नव्हत्या? माझी स्वतःची स्कूटर भांडुपला जिन्याखाली तशीच उभी होती.

मग मी कागद मागत गेलो. विमा संपलेला. का? पडून होती ना, दादा. पीयूसी? पडून होती ना. सर्व्हिसची बिलं साहेबांबरोबर कॅनडात. बॅटरी उतरलेली, म्हणून गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावता येणार नाही. जंपर लावून सुरू केली तेव्हा एअरबॅगचा दिवा लागून राहिला, पण इतके दिवस बंद असलेल्या गाडीत एखादा दिवा लागायचाच. माझ्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते दर वेळी पटत होतं. आता वाटतं, प्रत्येक कुलपाला एकच किल्ली लागायला लागली तेव्हाच मी दचकायला हवं होतं.

आणि आता माझ्या विद्वत्तेचा भाग, जो सांगताना अजून कान गरम होतात. तीन महिने मी या मॉडेलचा अभ्यास केला होता. 2002 ते 2008 च्या या पहिल्या पिढीच्या झेड-फोरचं एक दुखणं जगभर प्रसिद्ध आहे. टपावरचं पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात. मग ते पाणी सीटच्या मागे, खाली कोपऱ्यात साचतं, आणि टप उघडणाऱ्या हायड्रॉलिक पंपाची मोटर नेमकी त्याच कोपऱ्यात बसवलेली असते. मोटर बुडते, टप जागच्या जागी अडतो. मला हे तोंडपाठ होतं. त्यामुळे मॅट उचलल्यावर ओलीचा वास आला आणि सीटमागे गाळासारखं काहीतरी हाताला लागलं, तेव्हा मी घाबरलो नाही, खूश झालो. दलालाला मीच समजावून सांगितलं, "ड्रेन चोक झालेत. मोटर गेलेली आहे तुमची."

तो डोळे मोठे करून म्हणाला, "काय सांगता! तुम्हाला बरंच कळतं की!"

त्या एका वाक्याने त्याने मला नऊ लाखांवरून पावणेसातवर येऊ दिलं. मला वाटलं, मी त्याला पाडलं.

वरून गळणारं पाणी एका कोपऱ्यात जमतं. गाळ मात्र दोन्ही बाजूंना होता आणि सारख्याच उंचीवर. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं, पण वाचलेल्या माहितीत ते नव्हतं म्हणून मोजलं नाही.

भांडुपचे आमचे मेकॅनिक, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांनी बजावलं होतं की लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. पण रविवारी ठाण्याची पार्टी येणार होती. (ठाण्याची पार्टी नेहमीच येणार असते.) पंचवीस हजारांचं टोकन मी जागेवर दिलं. उरलेले थोडे रोख आणि बाकीचे एका तिसऱ्याच माणसाच्या खात्यात, कारण म्हणे साहेबांचं खातं केवायसीमुळे बंद होतं. डिलिव्हरी नोटवर बारीक अक्षरात "जशी आहे, जिथे आहे" असं छापलेलं, म्हणजे नंतर तक्रार करायची नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या आधीच होत्या. मला तर ती सोय वाटली.

गाडी टोचन करून सोसायटीत आणली तेव्हा बायको खाली आली. तिचं माहेर चिपळूणचं. जुलै 2021 च्या पुरानंतर ती पंधरा दिवस तिकडे राहून घर धूत होती. तिने दार उघडून डोकं आत घातलं, लगेच बाहेर काढलं आणि म्हणाली, "अहो, हा ओलीचा वास नाही. हा गाळाचा आहे." मी तिला ड्रेनची थिअरी समजावून सांगितली. ती काही न बोलता वर गेली.

मामांनी नवी मोटर घातली, नळ्या साफ केल्या. 58 हजार रुपये. टप उघडायला लागला आणि दोन आठवडे मी भांडुपचा राजा होतो. मग एका रात्री मरीन ड्राइव्हला चक्कर मारून परतताना पेडर रोडच्या चढावर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. या गाडीचं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं. कशीबशी सायनपर्यंत आली, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि बंद पडली. रात्री दीड वाजता पुन्हा टोचन.

या वेळी मामांनी दोन्ही सीट काढल्या. सीटखालचे रूळ तपकिरी, गंजाने फुगलेले. कार्पेटखालचा फोम पिळला तर पाणी निघेल इतका जड. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांत पिना हिरव्या पडलेल्या, जुन्या तांब्याच्या भांड्यावर थर चढतो तशा. मग मामांनी सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले, पार शेवटपर्यंत. एरवी कोणी एवढा ओढत नाही, छातीवरून कमरेला लावण्यापुरताच आपण बाहेर काढतो. आतून जो भाग आला त्यावर आडवी मातकट रेघ होती. "वरवरचं सगळं पुसलं त्यांनी," मामा म्हणाले, "हा पट्टा कोण धुतो?"

तोवर गाडी नावावर करायचं कामही अडकलं होतं, कारण ओटीपी मूळ मालकाच्या मोबाइलवर जात होता आणि दलाल रोज उद्या सांगत होता. शेवटी मी आरसी हातात घेतली आणि त्यावरचा पत्ता पहिल्यांदा नीट वाचला. किंग्ज सर्कल, गांधी मार्केटच्या मागे. ज्याने मुंबईत चार पावसाळे काढलेत त्याला पुढचं सांगायला नको. गांधी मार्केट आणि हिंदमाता ही नावं दर पावसाळ्यात पाणी तुंबल्याच्या बातमीत येतात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मी जन्मल्यापासून या शहरात आहे आणि महिनाभर तो कागद माझ्या खिशात होता.

गेलो. दार एका सत्तरीच्या गृहस्थांनी उघडलं. अंगात बनियन, हातात घडी केलेला पेपर. मी साहेबांचं नाव घेऊन विचारलं, कॅनडाहून कधी येणार?

"कॅनडात माझं कोणी नाही," ते म्हणाले. "मीच तो. बसा."

2 जुलै 2019 ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला 375 मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या रात्री यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं. फोनमधला फोटो त्यांनी मला दाखवला. मातकट पाणी दाराच्या मुठीपर्यंत आणि वर ते गडद निळं बोनेट. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या जाहीर किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसान धरतात, तशी ती धरली गेली. यांना पैसे मिळाले, यांनी सांगितलं तिथे सह्या केल्या, किल्ल्या दिल्या आणि विषय संपला असं समजले. भंगार म्हणून ती कोणी उचलली, किती हात फिरली, त्यांना ठाऊक नव्हतं.

"म्हणजे अजून माझ्याच नावावर आहे?" असं म्हणून ते खुर्चीत बसलेच. घाबरले ते बरोबरच होतं. नोंदणी बदललेली नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. तीन वर्षं ते दुसऱ्याच्या गाडीची जोखीम डोक्यावर घेऊन निवांत पेपर वाचत होते. ओटीपी त्यांनी तिथेच दिला, वर पोहेही खायला घातले.

म्हणजे मार्च 2020 ला गाडी बंद करणारं कोणी नव्हतंच. ती त्याआधीच बुडून, वाळवून, जुजबी चालू करून ठेवलेली होती. धूळ खरोखर दोन वर्षांची होती की कव्हर फाडून मुद्दाम साठू दिलेली, हे मला आजही ठरवता येत नाही. पानं तर पिंपळाची होती, आणि त्या शेडच्या आसपास पिंपळ होता की नव्हता, तेही मी पाहिलं नाही.

पोलिसांनी अर्ज घेतला आणि "जशी आहे, जिथे आहे" याखालच्या माझ्या सहीवर पेन टेकवून दाखवलं. दलालाने एकदा फोन उचलला, "पडून होती ना, दादा" म्हणाला, मग नंबर बंद. शेड रिकामी. वर सप्टेंबरात गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. नोंदणीचं नूतनीकरण पाच हजारांत होईल असं त्याने सांगितलं होतं. 1 एप्रिल 2022 पासून साध्या मोटारीला ते पाच हजार झालं हे खरं, पण आयात केलेल्या मोटारीला चाळीस हजार, आणि झेड-फोर आयातच. त्यावर पर्यावरण कर वेगळा. एवढं तरी मी आधी शोधायला हवं होतं. मी टपाच्या नळ्या वाचत बसलो.

पडून असलेल्या गाडीवर तुमचंही मन बसलंच असेल, तर आरसीवरच्या माणसाशी स्वतः बोला, दलालाने लावून दिलेल्या फोनवर नव्हे. शेवटची विमा पॉलिसी बघायला मागा. ती नाहीच म्हणाले तर बाकी काही बघू नका. पट्टा पुरता ओढा. आणि ओल दिसली तर दोन्ही बाजूंना दिसते का बघा.

मी ती गाडी गेल्या वर्षी सुट्या भागांच्या भावात विकायला काढली. जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं, 2019 च्या पुरात बुडालेली. बघायला पहिला आला तो पंचविशीतला मुलगा. वर्षभर उभी असल्यामुळे धूळ भरपूर बसली होती. त्याने बोनेटवरून बोट फिरवलं, निळा रंग बघून जरासा थांबला, मग वाकून सीटमागे हात घातला.

"ही पूर्ण बुडालेली आहे," मी म्हणालो. "मी तसं लिहिलंय."

तो हसला. "काका, या मॉडेलचे ड्रेन चोक होतातच. मोटर भिजली असेल फक्त."

मी वर जाऊन आरसीची जुनी झेरॉक्स आणली आणि त्याला पत्ता मोठ्याने वाचायला सांगितला.